हल्ली राहणार जर्मनी

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तासगावच्या द्राक्षबागायतदाराला गाठायचं तर बागेतच जावं लागतं. पहाटे धुकं उतरलं की डाऊनी रोगाची धास्ती असते आणि माणूस ब्लोअर सोडून हलत नाही. तरी त्या दिवशी अण्णा अकराच्या ठोक्याला माझ्या ऑफिसात आले. सदऱ्याला औषधाचा वास तसाच होता. सोबत मुलगा आणि लेक. मुलगा श्टुटगार्टला इंजिनिअर, २०१६ पासून नोकरीनिमित्त तिकडंच, नाताळच्या सुट्टीला आलेला. लेक कवठेमहांकाळला दिलेली. तिला सहीसाठी मुद्दाम बोलावून घेतलं होतं.

काम रोजचंच होतं. अण्णांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेली एक हेक्टर दहा आर बाग मुलाला बक्षीसपत्रानं द्यायची. बापानं मुलाला शेतजमीन बक्षीस दिली की मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये, बाकीचे उपकर निराळे, म्हणून असे दस्त आमच्याकडं सारखे येतात. बाहेरच्या माणसाला वाटतं वकील दस्त लिहितो. दस्त लिहिणं हे शेवटचं काम. त्याआधी सातबारा, आठ-अ आणि एकेक फेरफार मागं मागं वाचत जायचं, इतर हक्कांत सोसायटीचा बोजा राहिलाय का बघायचं, चतुःसीमा कागदावर एक आणि बांधावर दुसरी तर नाही ना हे विचारून घ्यायचं. पुढं दुय्यम निबंधकाकडं टोकन, फोटो, अंगठे, ओळख पटवणारे दोघं, आणि सर्व्हर चालू असला तर दुपारपर्यंत सगळे मोकळे.

लेकीची सही संमती देणार म्हणून घ्यायची होती. स्वकष्टार्जित जमिनीला तिच्या संमतीची गरज नव्हती, हे मी अण्णांना सांगितलं होतं. "पुढं कटकट नको" हे त्यांचं उत्तर. लेकींनी भाड्याचे पैसे घालून यायचं, सही करायची आणि चहा पिऊन परत जायचं, हा प्रकार मी सतरा वर्षं बघतेय आणि एकदाही मला तो पटलेला नाही.

मसुदा छापून टेबलावर होता. मुलगा म्हणाला, "मॅडम, काहीही करून फेब्रुवारीच्या आत नोंदणी व्हायला पाहिजे."

मी सहज विचारलं, "एवढी घाई कशासाठी?"

"फेब्रुवारीत मला तिथल्या नागरिकत्वाचा दाखला मिळणार आहे."

अण्णांनी मान वळवली. "कसला दाखला?"

म्हणजे घरी सांगितलेलं नव्हतं. तो प्रश्न मी बाहेर ओट्यावर त्याला एकट्याला विचारला असता तर, हे माझ्या मनातून अजून जात नाही.

मुलानं समजावून सांगायला सुरुवात केली. बोलत चांगला होता. जर्मनीनं कायदा बदललाय, २७ जून २०२४ पासून. पूर्वी आधीचं नागरिकत्व सोडावं लागायचं, आता लागत नाही. आठ वर्षांच्या वास्तव्याची अट पाच वर्षांवर आलीय. जर्मन भाषेची बी-एक परीक्षा झाली, ३३ प्रश्नांची नागरिकत्वाची चाचणी झाली, त्यात १७ बरोबर यावे लागतात, त्याचे तीसच्या वर आले. २५५ युरो फी भरली. "म्हणजे दोन्ही राहतात, अण्णा. इथलं जात नाही. डबल."

अण्णा माझ्याकडं बघायला लागले. अशा वेळी पक्षकार वकिलाकडं जसं बघतो तसं, आता तुम्ही सांगा म्हणून.

मी सांगितलं. जर्मनीनं तिची आडकाठी काढली, आपली आहे तिथंच आहे. आपल्या राज्यघटनेचं कलम ९ आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचंही कलम ९. आकडा दोन्हीकडं एकच आणि अर्थही एकच: स्वतःच्या इच्छेनं दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं संपतं. त्यासाठी कुणी नोटीस काढत नाही. दाखला हातात पडला त्या क्षणी ते संपलेलं असतं. कपाटातल्या पासपोर्टवर पुढच्या सालाची मुदत असली तरी तो वापरायचा नाही, दूतावासात जमा करायचा, रद्द करून घ्यायचा आणि मग ओसीआयसाठी, म्हणजे 'भारताचा परदेशस्थ नागरिक' या कार्डासाठी अर्ज करायचा.

"ओसीआय म्हणजे डबलच की," मुलगा म्हणाला.

या एका शब्दानं आमच्या भागात किती घोळ घातलाय! योजना आली २००५ मध्ये आणि तिच्या नावातच 'नागरिक' शब्द घातला गेला. तेव्हापासून एजंट, ट्रॅव्हलवाले, लग्न जमवणारे सगळे तिला दुहेरी नागरिकत्व म्हणतात. तो आयुष्यभराचा व्हिसा आहे, आणि चांगला व्हिसा आहे. कितीही वेळा या, कितीही दिवस राहा, पोलिसांकडं नोंद नको, घर घ्या, फ्लॅट घ्या. पण मतदान नाही, निवडणुकीला उभं राहता येत नाही, आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. ज्यांच्याकडं हे समजावण्याचं काम आहे त्यांनी मराठीत एक पान छापून प्रत्येक तहसीलमध्ये लावलं असतं तरी पुष्कळ घरं वाचली असती.

मुलाला यातलं बरंचसं ठाऊक होतं. तो वाचून आला होता. "म्हणूनच फेब्रुवारीच्या आत म्हणतोय, मॅडम. आज मी भारतीयच आहे."

पलीकडच्या टेबलावरचे आमचे सहकारी, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी ज्येष्ठ, मान वर न करता म्हणाले, "बरोबर आहे त्याचं. अजून भारतीय आहे, करून टाका."

आणि इथं मी थांबले. शेतजमिनीची बंदी पासपोर्टच्या रंगावर नसतेच. ती फेमा, म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखाली आहे, आणि फेमा विचारतो माणूस राहतो कुठं. नोकरीसाठी बाहेर गेलेला माणूस भारतीय पासपोर्ट बाळगून असला तरी त्या कायद्यापुरता अनिवासी. अनिवासी भारतीयाला शेतजमीन, फार्म हाऊस, मळा खरेदी करता येत नाही. बक्षीसही घेता येत नाही, सख्ख्या बापाकडूनसुद्धा. वारसानं मात्र येते. वडिलांच्या माघारी, मृत्युपत्रानं किंवा त्याशिवाय, ती त्याच्याकडं येऊ शकते आणि तो ती ठेवू शकतो. म्हणजे फेब्रुवारीच्या तारखेचा या दस्ताशी काहीच संबंध नव्हता. हे बक्षीसपत्र २०१६ पासूनच होऊ शकत नव्हतं. मसुदा मी आदल्या रात्री अकरापर्यंत बसून तयार केला होता, आणि मलाही ते टेबलावर बसेपर्यंत सुचलं नव्हतं.

मी हे बोलत असताना लेक म्हणाली, "मग ते इहिरीकडचं कसं झालं ओ, ताई?"

विहिरीकडचे बावीस आर. २०२१ साली अण्णांच्या चुलतभावानं विकले, विहिरीतल्या निम्म्या हिश्शासकट. खरेदी मुलाच्या नावे झाली, पैसे त्यानंच पाठवले होते. दस्त मी केला होता.

कपाटातून फाईल काढली. त्या फाईलचा मला अभिमान होता, म्हणून ती आठवणीत होती. मुलगा येऊ शकत नव्हता, तेव्हा त्यानं अण्णांच्या नावे कुलमुखत्यारपत्र पाठवलं होतं, म्युनिकच्या भारतीय वाणिज्य दूतावासात साक्षांकित केलेलं. परदेशात केलेलं मुखत्यारपत्र भारतात आलं की तीन महिन्यांच्या आत त्याला इथलं मुद्रांक लावून घ्यावं लागतं. पुष्कळ जण हे विसरतात आणि दस्त ऐन वेळी नोंदणीला अडकतो. मी विसरले नव्हते. पाकीट आलं त्या तारखेचा पोस्टाचा शिक्का जपून ठेवला, सांगलीला मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडं दोन हेलपाटे घातले, शिक्का मारून घेतला. मुलगा शेतकरी असल्याचा पुरावा म्हणून वडिलोपार्जित खात्याचा आठ-अ जोडला, कारण आपल्याकडं बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेता येत नाही. निबंधकानं तोच तपासला. तलाठ्यानं तोच तपासला. मंडल अधिकाऱ्यानं फेरफार मंजूर केला. आमची सगळी यंत्रणा माणूस शेतकरी आहे का एवढंच विचारते. तो कुठं राहतो हा प्रश्न त्या वाटेवर मला कुणी विचारला नाही, आणि विचारायला पाहिजे होता तो मी.

दस्ताच्या पहिल्या पानावर खरेदी घेणाराचं वर्णन होतं. 'धंदा नोकरी व शेती, रा. ता. तासगाव, जि. सांगली, हल्ली राहणार श्टुटगार्ट, जर्मनी.' माझाच मजकूर. शेवटच्या पानावर माझीच सही.

मी ते पान तिघांसमोर ठेवलं आणि सांगितलं की ही चूक माझी आहे. सहकारी खोकले. त्यांना ते आवडलं नाही, आणि नंतर त्यांनी मला तसं स्पष्ट बोलूनही दाखवलं: पक्षकारासमोर असं कबूल करायचं नसतं, पाच वर्षं कुणी विचारलं नाही, पुढंही विचारणार नाही. कदाचित नसतंही विचारलं. पण फेमाखाली दंड गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत जाऊ शकतो, आणि त्या माणसानं पैसे बँकेतून पाठवलेत. नोंद आहे.

अण्णांनी दंडाचं काही विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "म्हंजे पाणी जातंय काय?"

त्यांची सगळी बाग त्या विहिरीवर आहे. बावीस आर तिऱ्हाईताला विकायची पाळी आली तर निम्मा हिस्सा जातो आणि एप्रिल-मेमध्ये वेली जगवायला टँकर. हे त्यांना एका क्षणात दिसलं. नागरिकत्व, पासपोर्ट, कलम ९ हे सगळं त्यांनी त्या एका प्रश्नात उतरवलं.

मुलगा खाली बघत बोलायला लागला. "अण्णा, मी हे तुमच्यासाठीच करतोय. गुडघ्याचं ऑपरेशन म्हणालात तुम्ही. तुमच्यापाशी येऊन सात-आठ महिने राहायचं म्हटलं तर तिथला कायम राहण्याचा परवाना जातो. सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिलं की साधारण रद्दच होतो. नागरिक झालो तर वर्षभर इथं राहून परत जाता येईल. परवान्यावर असताना ते होत नाही."

ते खरं होतं, आणि मला ते आधी सुचलंही नव्हतं. घरी जास्त दिवस राहता यावं म्हणून माणूस इथलं नागरिकत्व सोडत होता.

"माझ्यासाठी?" अण्णा म्हणाले. "मग मला इचारलं का न्हाईस?"

बराच वेळ कुणी बोललं नाही. खाली रस्त्यावर उसाचा ट्रॅक्टर अडकला होता, त्याचा हॉर्न तेवढा वाजत होता. मग लेक म्हणाली, "ते बावीस आर मी घेते की. मला कसली आडकाठी हाय? मी इथंच हाय."

सही करून चहा पिऊन जायला बोलावलेली ती. भारतीय, इथं राहणारी, बापाच्या खात्यावर नाव असलेली शेतकरी. त्या खोलीतल्या दोन भावंडांत अख्ख्या कायद्याला चालणारी तीच एक होती. अण्णांनी तिच्याकडं असं बघितलं की जणू ती आत्ताच आत आली. त्यांना राग आला होता की आधार वाटला होता, मला कळलं नाही. "तुझ्या मालकास्नी इचारलंयस का?" एवढंच ते म्हणाले, आणि ती म्हणाली, "त्येंनी मला कवा इचारलंय?"

त्या दिवशी काहीच नोंदवलं गेलं नाही. टोकन फुकट गेलं. बक्षीसपत्राचा मसुदा मी त्यांच्यासमोर फाडला आणि बागेसाठी मृत्युपत्र करता येईल, त्यात लेकीचाही विचार करा, असं सांगितलं. दुसरं वाक्य वकिलानं बोलायचं नसतं, पण बोलले. बावीस आरांसाठी कोल्हापूरच्या एका चार्टर्ड अकाउंटंटकडं पाठवलं, जे फेमाचीच कामं करतात. रिझर्व्ह बँकेकडं चूक कबूल करून कंपाउंडिंगचा, म्हणजे ठरेल ती रक्कम भरून प्रकरण मिटवण्याचा, अर्ज करायचा आणि जमीन निवासी भारतीय शेतकऱ्याकडं कशी जायची, याचा क्रम तेच ठरवतील. त्यांची फी मी देणार आहे, हे मुलाला सांगितलंय. तो नको म्हणाला. मी देणार आहे.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मुलाचा रात्री फोन आला. तिकडं संध्याकाळ असेल. "मॅडम, परवा दाखला आहे. जाऊ का?"

कायद्याचं विचारलं असतं तर उत्तर तयार होतं. मी विचारलं, "अण्णांशी बोललात का?"

"बोललो. ते म्हणाले, जा, पण इथलं पुस्तक देताना त्याला काय करत्यात ते मला सांग."

पासपोर्ट रद्दचा शिक्का मारून परत देतात, घरी ठेवता येतो, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, मग ते अण्णांना देईन.

गेला महिनाभर मी रोज संध्याकाळी जुन्या फायली काढून बसते. २०१३ पासूनचे शेतजमिनीचे खरेदीदस्त, ज्यांना परदेशातून आलेलं मुखत्यारपत्र जोडलेलं आहे. पाच सापडले. पाचही ठिकाणी माझ्याच हातचं 'हल्ली राहणार'. दोन दुबईचे, एक लंडनचा, एक न्यू जर्सीचा, एक मस्कतचा. लंडनचा आता तिथला नागरिक आहे आणि त्याच्या घरचे त्याला डबल म्हणतात. तिघांना फोन झाले. एकानं ऐकून घेतलं, एकानं मला वेड्यात काढलं, एकानं विचारलं की तुम्हाला नेमके किती पैसे पाहिजेत. चौथा नंबर तुरचीचा आहे, वडिलांचा. मुलगा मस्कतला. तो फोन आज लावायचा आहे, पण ते बागेतून सातशिवाय घरी येत नाहीत.