बर्लिनमध्ये रोझाच्या जागा शोधताना

पुण्याच्या केसरीवाड्यात मादाम कामांचा झेंडा जपून ठेवलाय. १९०७ च्या ऑगस्टमध्ये श्टुटगार्टच्या समाजवादी परिषदेत तो फडकला आणि त्या परिषदेला समाजवादी नेता आणि विचारवंत रोझा लक्झेंबर्गही हजर होती. हे कळल्यापासून तिच्या बर्लिनमधल्या जागा बघायची ओढ होती. यंदा जानेवारीत योग आला.

सुरुवात मात्र चुकली. पोचले त्याच दिवशी संध्याकाळी पाचला तिचं स्मारक बघायला लांडवेर कालव्यावर गेले. तिथे जानेवारीत साडेचारपासूनच अंधार पडायला लागतो. स्मारक धड दिसेना. दुसऱ्या दिवशी क्रम बदलला. तुम्हीही असाच ठेवा.

सकाळी आलेक्झांडरप्लाट्झहून भुयारी रेल्वेच्या यू-५ ने लिश्टेनबेर्ग. तिथून तिची समाधी असलेलं फ्रीडरिक्सफेल्डचं कब्रस्तान चालत गाठता येतं, तिकीट लागत नाही. जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी इथे हजारो माणसं लाल कार्नेशन घेऊन येतात. मी त्याच रविवारी गेले होते. फुलं फाटकाशीच मिळाली. मधोमध उंच दगड, त्यावर कोरलंय : मेलेले आपल्याला बजावतात. भोवती समाध्या, त्यांत रोझा आणि तिचा सहकारी कार्ल लीबक्नेश्ट शेजारी शेजारी. वास्तुविशारद मीस व्हान डर रोहनं १९२६ साली या कब्रस्तानात उभारलेलं विटांचं स्मारक नाझींनी पाडलं. आजचं १९५१ चं. माझ्या पुढच्या आजींनी फूल ठेवलं, हातमोजा काढून दगडावर तळवा टेकवला आणि बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. शांतपणे बघायचं असेल तर दुसरा वार निवडा.

परत आलेक्झांडरप्लाट्झ, तिथून यू-२ ने एकच स्टेशन : रोझा-लक्झेंबर्ग-प्लाट्झ. इथे मान खाली घालून चाला. हान्स हाके या कलावंतानं फुटपाथात आणि रस्त्यात काँक्रीटच्या पट्ट्या बसवून त्यांत रोझाची वाक्यं लिहिली आहेत. सगळी जर्मनमध्ये, तेव्हा फोनवर भाषांतराची सोय करून न्या. मी दीड तास इथेच रमले. पोलंडमधली ज्यू मुलगी, १८९७ ला झुरिकमध्ये डॉक्टरेट, पुढच्या वर्षी बर्लिन, मग तिथल्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षाच्या शाळेत अर्थशास्त्र शिकवणं. पहिल्या महायुद्धाला विरोध केला म्हणून बराच काळ तुरुंगात. तिथूनच तिनं रशियन क्रांतीचं स्वागत केलं आणि वेगळं मत असणाऱ्याचं स्वातंत्र्य दडपणाऱ्या बोल्शेविकांना खडसावलंही. मला तिची हीच बाजू सगळ्यात मोठी वाटते. त्याच कोठडीत ती पानंफुलं दाबून, नावं लिहून वह्यांत चिकटवत होती.

१९१८ च्या डिसेंबरअखेर जर्मन कम्युनिस्ट पक्षाची स्थापना परिषद सुरू झाली, संस्थापकांत तीही होती. जानेवारीत बर्लिनमधला उठाव चिरडला गेला. १५ जानेवारी १९१९ ला तिला पकडलं गेलं. सैनिकांनी डोक्यात बंदुकीचा दस्ता घातला, गोळी मारली आणि प्रेत कालव्यात टाकलं. ते सापडलं मेअखेर.

चौकातून यू-२ थेट झूपर्यंत जाते. दुपारी दोनपर्यंत पोचा, वाटेत खाऊन घ्या. रविवारी दुकानं बंद असतात. झूच्या कडेनं कालव्याकाठी लिश्टेनश्टाइन पुलाशी यायचं. तिच्या नावाची लोखंडी अक्षरं काठावरून तिरकी पाण्याकडे उतरतात. पाणी संथ, हिरवट काळं. अक्षरांच्या खाचेत कुणीतरी एक कार्नेशन खोचलं होतं, देठ पाण्याच्या बाजूला.

कब्रस्तानातून निघताना एक फूल इथल्यासाठी राखून ठेवा. मी सगळी तिथेच वाहून आले होते.