पर्वती उरली कशी

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे. "मॅडम, पर्वती म्हणजे विझलेला ज्वालामुखीच ना? मग तो पुन्हा पेटेल का?" हा प्रश्न मला पर्वतीच्या पायऱ्या चढताना, लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत आणि एकदा तर दाताच्या दवाखान्यात खुर्चीवर तोंड उघडे ठेवून बसले असतानाही विचारला गेला आहे. पुण्यातल्या एका महाविद्यालयात मी तीसएक वर्षे भूशास्त्र आणि भूभौतिकी शिकवली, हे कळले की समोरचा माणूस सहसा दोनच गोष्टी विचारतो: भूकंप कधी होणार आणि पर्वती पेटणार का. पहिल्या प्रश्नाचे उत्तर जगात कोणालाही देता येत नाही. दुसऱ्याचे देता येते आणि ते 'नाही' असे आहे. मात्र हे 'नाही' खात्रीने म्हणता यावे यासाठी मला स्वतःला बरीच वर्षे शिकावे लागले.

विचारणाऱ्याचा गैरसमज अगदीच निराधार नसतो. पर्वतीचा दगड खरोखरच एकेकाळी वितळलेला रस होता. शाळेच्या पुस्तकातला ज्वालामुखी शंकूसारखा असतो, पर्वतीही दुरून साधारण तशीच दिसते, आणि मग दोन आणि दोन चार केले जातात. परंतु पर्वतीच्या माथ्यावर उभे राहून वेताळ टेकडीकडे, तळजाईकडे आणि हवा स्वच्छ असेल तर दूर सिंहगडाकडे नीट पाहावे. माथे सपाट दिसतात आणि उतारांवर पायऱ्यांसारखे टप्पे दिसतात: एक उभा कडा, मग थोडा सौम्य उतार, पुन्हा कडा. रस उकळून वर साचला असता तर डोंगराचे थर उताराबरोबर खाली कलले असते; इथे ते जवळजवळ आडवे आहेत, आणि एका डोंगरात दिसणारा थर मधली दरी ओलांडून समोरच्या डोंगरात पुन्हा सापडतो. याचा अर्थ एकच निघतो, की मधला भाग पूर्वी भरलेला होता. आपल्या टेकड्या कोणी रचलेल्या नाहीत. आजूबाजूचे सगळे कापले गेल्यावर त्या उरल्या आहेत.

हे थर जवळून पाहायचे असतील तर घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलेला असतो तिथे थांबावे. खाली घट्ट, निळसर काळा पाषाण असतो, ज्यावर हातोडी मारली की ती झणझणत परत येते. त्याच्या वर विहीर खोदणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो भोकाभोकांचा खडक असतो. रसातील वायू वर येऊन अडकले त्यांची ती भोके, आणि पुढे पाण्यातून आलेल्या पांढऱ्या, हिरवट खनिजांनी ती भरली गेली. वाघोलीच्या खाणींत अशाच पोकळ्यांमधून कॅव्हन्साइट नावाचे निळेशार खनिज निघते आणि जगभरचे संग्राहक त्यासाठी पुण्याचे नाव घेतात. आपण पुणेकर मात्र त्या दगडाची खडी करून रस्त्यावर पसरतो. या भोकांच्या खडकावर काही ठिकाणी गेरूसारखा लाल पट्टा दिसतो. एक प्रवाह थंड झाला, ऊनपावसात झिजला, त्याची माती झाली, आणि त्या मातीवर पुढचा तापलेला रस पसरला, याची ती खूण आहे. पट्ट्याच्या वर पुन्हा घट्ट काळा पाषाण सुरू होतो.

असे प्रवाहावर प्रवाह सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी आले. भूशास्त्राच्या मानाने हे काम झटपट उरकले, कारण बहुतेक रस दहाएक लाख वर्षांच्या अवधीत बाहेर पडला, आणि आजही त्याने सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश झाकलेला आहे. एवढा रस एखाद्या शंकूच्या तोंडातून येणे शक्य नव्हते. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि रस त्यांतून वर येऊन पातळ पिठासारखा पसरला. शेवटी ज्या भेगांत रस गोठून राहिला त्या आता उभ्या भिंतींसारख्या दिसतात आणि त्यांना डाइक म्हणतात. नाशिक आणि पुण्याच्या दरम्यान त्या पुष्कळ आढळतात. म्हणून "ज्वालामुखीचे तोंड कुठे आहे?" असे विचारणाऱ्याला मी भेगेकडे बोट दाखवते, आणि त्याची थोडी निराशा होते.

पायाखाली काय आहे हे न खोदता कसे कळते, असेही लोक विचारतात, आणि इथे मला माझी फजिती सांगितली पाहिजे. विद्यार्थिदशा नुकतीच संपली होती आणि पुरंदर तालुक्यातल्या एका गावात आम्ही विद्युत रोधकतेची मोजणी करायला गेलो होतो. पद्धत सोपी आहे: जमिनीत चार लोखंडी खुंट्या एका रेषेत ठोकायच्या, बाहेरच्या दोन खुंट्यांतून वीज सोडायची, आतल्या दोन खुंट्यांमध्ये विद्युत दाब मोजायचा आणि खुंट्यांमधले अंतर वाढवत न्यायचे, म्हणजे वीज अधिकाधिक खोल थरांतून फिरून येते. कोरडा काळा पाषाण विजेला अडवतो आणि ओला, सच्छिद्र खडक वाट देतो. माझ्या आलेखात साधारण ४५ मीटरांवर रोधकता एकदम उतरली होती. गावचा पाणाड्या हातावर नारळ ठेवून शेताच्या दुसऱ्याच टोकाला उभा होता आणि मी, पदवी नवी असल्यामुळे, त्याच्याकडे पाहून मनातल्या मनात हसले. बोअर ६० मीटर गेली. वर नुसता धुरळा आला, मधे थोडा वेळ लाल चिखलासारखा गाळ आला आणि पुन्हा धुरळा. शेतकरी शांतपणे म्हणाला, "ताई, तुमच्या यंत्राला ओल दिसली, पाणी नाही दिसलं."

इतके नेमके वाक्य मला कोणत्याही प्राध्यापकाने सांगितले नव्हते. तो लाल थर चिकणमातीचा होता. चिकणमाती पाणी धरून ठेवते, म्हणून विजेला वाट देते, पण ते पाणी ती सोडत नाही. यंत्राने मोजले ते खरे होते, मी त्याचा अर्थ चुकीचा लावला. जमिनीवर मोजलेल्या एकाच आलेखाला खाली थरांच्या अनेक रचना बसू शकतात, ही या विषयाची जन्मखोड आहे. (पाणाड्याच्या जागेवर पुढे कोणी बोअर घेतली नाही, त्यामुळे त्याची अब्रू शाबूत राहिली.) अखेर खात्री हवी तर छिद्रच पाडावे लागते. कोयना परिसरात भूकंपांच्या अभ्यासासाठी खोल विंधनछिद्रे घेतली, तेव्हा एका ठिकाणी ९३३ मीटरांवर काळा पाषाण संपला आणि त्याच्याहून कितीतरी जुना ग्रॅनाइट लागला. भिंतीवर थरांवर थर रंग दिलेला असावा आणि खरवडल्यावर मूळ चुना दिसावा, तसे ते आहे.

आता पेटण्याचा प्रश्न. पावसाळ्यात टेकडीवरून आलेल्या ओघळाच्या कडेला काळी, जड वाळू साचते. तिच्यात साधा लोहचुंबक फिरवला की त्याला काळ्या मिशा फुटतात. ते मॅग्नेटाइटचे कण. रस थंड होताना या कणांनी त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा टिपून ठेवली. ते क्षेत्र विषुववृत्तावर आडवे असते आणि ध्रुवाकडे जावे तसे अधिक कलते, त्यामुळे दगडातील चुंबकत्वाचा कल मोजला की तो दगड कोणत्या अक्षांशावर गोठला हे काढता येते. लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या संशोधकांनी १९५६ साली दख्खनच्या दगडांवर हे काम प्रसिद्ध केले, आणि त्यानंतरच्या मोजण्यांनीही हेच सांगितले की पर्वतीचा दगड गोठला तेव्हा ही जमीन दक्षिण गोलार्धात, सुमारे ३० अंशांवर होती. आज पुणे साडेअठरा अंश उत्तरेला आहे. अंतर पाच हजार किलोमीटरांहून थोडे अधिक भरते, ६.६ कोटी वर्षांनी भागले तर वर्षाला सरासरी आठ सेंटिमीटर, म्हणजे तीन वर्षांत एक वीत.

ज्या उष्णतेने हा रस वितळवला ती आज हिंदी महासागरातल्या रेयुन्यों बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजूनही वरचेवर पेटतो, असे बहुसंख्य संशोधक मानतात. चूल मागे राहिली आणि तवा पुढे सरकला. अर्थात हे बेट २१ अंश दक्षिणेला आहे आणि दगड ३० सांगतात, तेव्हा चूलही अगदी जागच्या जागी राहिलेली नसावी. या फरकावर अजून वाद होतात आणि ते होणे मला बरे वाटते. पर्वतीपुरते बोलायचे तर तिच्याखाली विस्तव नाही, आणि विस्तवावाचून पेटणार काय?

ढकलणारे बळ मात्र थांबलेले नाही. आपली भूपट्टी आजही वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर वेगाने उत्तर-ईशान्येला रेटली जाते आहे, समोर हिमालय अडवून उभा आहे, आणि तो ताण थेट दख्खनपर्यंत पोहोचतो. पुण्याच्या दक्षिणेला सव्वाशे किलोमीटरांवर कोयनेला ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ६.३ तीव्रतेचा धक्का बसला. तिथे आधीच ताणलेल्या भेगांना धरणाच्या पाण्याने निमित्त दिले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला असा धक्का बसला तेव्हा जाड दगडमातीच्या भिंतींखाली हजारो माणसे गेली. म्हणून कोणी पर्वतीची काळजी करू लागला की मी त्याला स्वतःच्या इमारतीच्या खांबांची चौकशी करायला सांगते.

राहिला पर्वती उरण्याचा हिशेब. सिंहगडाचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे १,३१२ मीटर उंच आहे आणि पुणे सुमारे ५६०. थर जवळजवळ आडवे असतील तर सिंहगडाच्या माथ्याचा दगड एकेकाळी शनिवारवाड्याच्या वरही होता, म्हणजे सातशे मीटरांहून अधिक जाडीचा पाषाण इथून नाहीसा झाला आहे. तो मुठेने, मग भीमेने आणि कृष्णेने बंगालच्या उपसागरात नेला. अरबी समुद्र इतका जवळ असताना या नद्या पूर्वेकडे वाहतात, याचे कारण पश्चिमेचा काठ उचलला गेला आणि पठार पूर्वेकडे कलले. यात आणखी एक गंमत आहे. भरलेल्या होडीतले ओझे उतरवले की होडी वर येते. पृथ्वीचे कवचही खालच्या अधिक घन प्रावरणावर असेच तोललेले असते आणि याला समस्थायित्व म्हणतात. पाषाणाची घनता २.९ आणि प्रावरणाची ३.३ धरली, तर सातशे मीटर झिजीच्या बदल्यात जमीन सहाशेएक मीटर वर येते. हा कागदावरचा हिशेब झाला. प्रत्यक्षात कवच ताठ असल्यामुळे ही उचल आजूबाजूला वाटली जाते. नद्या डोंगर कापतात आणि कापल्यामुळेच तो वर येत राहतो, हे पहिल्यांदा समजले तेव्हा मी रात्री वहीत तो हिशेब तीनदा करून पाहिला होता.

गेल्या पावसाळ्यात हे सगळे मी पर्वतीच्या पायऱ्यांवर एका आजोबांना सांगितले. छत्री टेकून ते शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे पेटणार नाही, झिजणार."

"हो."

"आमच्या हयातीत?"

"नाही, काका."

"बरं," असे म्हणून त्यांनी पुढच्या पायरीवर पाय ठेवला, आणि दोन पायऱ्या चढून मागे वळले. "आणि भूकंपाचं काय म्हणालात?"