इंटर्नशिप केली तिथेच का नाही लागलात?

"सिस्टर, इंटर्नशिप झाली तिथे तुम्हाला ऑफर होती ना? मग सोडलीत का?" दर बॅचची एक तरी मुलगी हे विचारतेच. इतकी वर्षं 'पगार कमी होता' म्हणून मी वाटेला लावते. होताच कमी. 200 पेक्षा जास्त खाटांच्या खासगी हॉस्पिटलात सरकारी नर्सइतका पगार द्या, असं सांगणारी समितीसुद्धा 2016 ची. मी 2012 ची. पण कारण ते नव्हतं. विचारलंतच, तर ऐका.

आमचं जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, साडेतीन वर्षांचं, शेवटचे सहा महिने इंटर्नशिप. त्या रात्री मेल मेडिकल वॉर्डला 32 पेशंट. ड्युटी लिस्टवर स्टाफ दोन: एक सिस्टर, दुसरी मी. सिस्टरना अकरा वाजता आयसीयूत बोलावून घेतलं. सकाळी सहाला 11 नंबरच्या आजोबांचं इन्सुलिन, 12 युनिट. वायल 100 ची, म्हणजे एका मिलीत 100 युनिट. ट्रेमध्ये उरलेली सिरिंज लाल टोपणाची, म्हणजे 40 च्या वायलसाठीची. मी बघितलंच नाही. 12 च्या रेघेपर्यंत भरलं. आजोबांनी सदरा वर केला, सिरिंजकडे बघितलं आणि म्हणाले, "पोरी, आज जास्त दिसतंय गं."

12 नव्हे, 30 युनिट होतं ते. नारंगी टोपणाची, 100 ची सिरिंज आणायला शेजारच्या वॉर्डात गेले तेव्हा पाय लटपटत होते.

सिस्टर परत आल्या तेव्हा सगळं सांगितलं. "टोचलं नाहीस ना? मग लिहू नकोस," म्हणाल्या, आणि रात्रभराच्या चार्टवर स्वतःच्या सह्या ठोकल्या. आठवड्याने मेट्रननी, म्हणजे नर्सिंगच्या मुख्य बाईंनी, बोलावलं. म्हटलं, संपलं. तर त्या म्हणतात, "चूक स्वतःहून सांगणारी मुलगी हवी मला. मुलाखत कसली? सहा महिने तीच चालली होती." सोबत दोन वर्षांचा बाँड, मूळ मार्कशीट त्यांच्या कपाटात.

नाही म्हटलं. एकटीला वॉर्डात टाकलं त्याचा राग, असं तेव्हा मैत्रिणींना सांगायचे. राग मागाहून सुचला असावा. मला फक्त त्या 11 नंबरच्या खाटेजवळून पुन्हा जायचं नव्हतं. आता ही भीती होती की शहाणपण, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. आणि मेट्रन माणूस ओळखण्यात चुकल्या होत्या, असंही म्हणवत नाही.

इंटर्नमधून माणसं घेऊ नयेत, असं माझं म्हणणं नाही हो. सरकारी भरतीच्या ऑनलाइन परीक्षेत हात कसा चालतो, नातेवाइकांवर आवाज चढतो का, हे कुठे दिसतं? आज इन्चार्ज म्हणून मला ते दुसऱ्या आठवड्यात कळतं. मुलीही आम्हाला बघत असतात. त्यांना कुणी विचारत नाही, एवढंच.

गेल्या महिन्यात एका इंटर्नचं नाव मीच आमच्या इथल्या मेट्रनना दिलं. "नाइटला कशी आहे?" त्यांनी विचारलं. "एकटी सांभाळते," मी म्हटलं. त्यांनी नाव लिहून घेतलं.