पंख्याचे जाकीट आणि सोलापूरचा उन्हाळा

परदेशी दुकानांच्या संकेतस्थळांवर अंधारात चमकणारे टी-शर्ट, यूएसबीवर गरम होणारे हातमोजे असे काहीतरी रोज नवे दिसते आणि त्यातील बहुतेक वस्तू पाहून सोडून द्याव्यात अशाच असतात. जपानमधील पंखा बसवलेल्या जाकिटाबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे.

हे जाकीट सोनी कंपनीतील माजी अभियंता हिरोशी इचिगाया यांनी विकसित केले. पाठीच्या खालच्या बाजूला दोन गोल छिद्रे असतात, त्यांत तळहाताएवढे पंखे बसतात, आणि आत ओढलेली हवा अंगावरून वर जात गळ्यातून व बाह्यांतून बाहेर पडते. गारवा येतो तो घाम वाळल्यामुळे. म्हणून हवा जितकी कोरडी, तितका उपयोग अधिक. कोकणातल्या दमट हवेपेक्षा सोलापूरच्या बेचाळीस अंशांच्या कोरड्या दुपारीच त्याची खरी गरज आहे. माझे मामा गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात इस्त्रीच्या टेबलाशी दिवसभर उभे असतात. त्यांच्यासाठीच मी हे जाकीट मागवले. पंख्याच्या जाळीवर कापडाची बारीक लव बसते, ती मामा दातांच्या जुन्या ब्रशने झाडतात आणि कपडा धुण्याआधी पंखे फिरवून काढून ठेवतात.

किमतीचा हिशेब आधीच करावा. सीमाशुल्क केवळ वस्तूच्या किमतीवर नव्हे, तर वाहतूक व विमा धरून होणाऱ्या रकमेवर लागते, आणि त्यावर पुन्हा जीएसटी. पार्सल सोडवण्यासाठी कुरियर कंपनी आधार किंवा पॅनची प्रत मागते, तेव्हा पत्त्यावरील नाव ओळखपत्राप्रमाणेच द्यावे. काही विक्रेते ‘भेटवस्तू असे लिहून पाठवतो’ म्हणतात, त्यांना स्पष्ट नकार द्यावा: पाच हजार रुपयांपर्यंतच्या भेटवस्तूंची करमुक्त आयात डिसेंबर २०१९ मध्येच बंद झाली (राखी आणि जीवरक्षक औषधे तेवढी वगळली आहेत), शिवाय ते खोटे निवेदन ठरते.

लिथियम बॅटरीच्या हवाई वाहतुकीवर निर्बंध असल्यामुळे अनेक दुकाने बॅटरी पाठवत नाहीत. म्हणून यूएसबीच्या ५ व्होल्टवर चालणारे पंखे निवडावेत. ते इथल्या पॉवर बँकेवर चालतात. सोबत चार्जर येणार असेल, तर त्यावर १००-२४० व्होल्ट लिहिलेले आहे का ते पाहावे, कारण जपानमधील घरगुती वीज १०० व्होल्टची आणि आपली २३० ची आहे.

मापाबाबत एम किंवा एल या अक्षरांवर विसंबू नये. अंगाला नीट बसणारा सदरा टेबलावर पसरून एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत टेप धरावी आणि ते सेंटीमीटर दुकानाच्या तक्त्याशी ताडून पाहावेत, कारण माप चुकले तर परत पाठवण्याचा खर्च अनेकदा कपड्याच्या किमतीच्या जवळ जातो.

माझे स्पष्ट मत असे की, दुसऱ्यांदा मागवताना पंख्यांचा संच तेवढा मागवावा. जाकिटाला हवा न गळणारे घट्ट विणीचे कापड, छिद्रांभोवती मजबूत पट्टी, कमरेला व मनगटाला इलॅस्टिक, एवढेच लागते, आणि चादरी, टॉवेल व गणवेशांसाठी नावाजलेल्या या शहरात त्यासाठी कारागीर शोधावा लागत नाही. मामांच्या कारखान्यातील मास्तरांनी जपानी जाकीट उलटे करून शिलाई पाहिली, कागदावर बेत काढून घेतला आणि छिद्रांचे माप घेण्यासाठी एक पंखा दोन दिवस मागून नेला आहे.