दोषांच्या भाकिताची उपयुक्तता कशात मोजावी?

सॉफ्टवेअरच्या कोणत्या भागात दोष निघण्याची शक्यता अधिक आहे, हे आधीच सांगणाऱ्या मॉडेलांवर विपुल संशोधन झाले आहे. मात्र यशाची खूण म्हणून अचूकतेची टक्केवारी पुढे केली जाते, ते मला पटत नाही. नासाच्या प्रकल्पांतून खुल्या झालेल्या पीसी१ या माहितीसंचात १,१०९ मॉड्यूल (सॉफ्टवेअरचे छोटे घटक) आहेत आणि त्यांपैकी ७७ सदोष आहेत. 'दोष कुठेच नाही' असे सरसकट सांगणारे मॉडेल तेथे ९३ टक्के अचूक ठरते, आणि तरीही त्याचा कोणालाच काही उपयोग नाही.

किती दोष पकडले, एवढे मोजूनही भागत नाही. ऑस्ट्रँड, वेयुकर आणि बेल यांनी एटी अँड टी या दूरसंचार कंपनीच्या दोन मोठ्या सॉफ्टवेअर प्रणालींवर केलेल्या अभ्यासात (२००५) मॉडेलने निवडलेल्या २० टक्के फाइलींमध्ये सरासरी ८३ टक्के दोष आढळले होते. हे काम भक्कमच आहे. पण दोष जास्त असलेल्या फाइली बहुधा आकारानेही मोठ्या असतात आणि तपासणाऱ्याचा वेळ फाइलींवर नव्हे, तर ओळींवर खर्च होतो. समजा, ५,००० ओळींच्या एका फाइलीत चार दोष आहेत आणि प्रत्येकी २०० ओळींच्या दहा फाइलींत एकेक. दोषसंख्येच्या क्रमवारीत पहिली फाइल वर येईल, परंतु छोट्या फाइलींच्या २,००० ओळी वाचणाऱ्याला दहा दोष सापडतील. मेंडे आणि कोश्के यांच्यासारख्या संशोधकांनी कष्टांचा हिशेब मूल्यमापनात आणला तो याचसाठी, आणि माझ्या मते ती या क्षेत्रातली सर्वांत मोलाची सुधारणा आहे.

कष्टांपुढचा प्रश्न माणसांचा आहे. गूगलमध्ये झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात धोक्याच्या फाइलींवर कोड रिव्ह्यूच्या, म्हणजे सहकाऱ्यांनी कोड तपासण्याच्या, वेळीच सूचना दाखवली गेली. तीन महिन्यांनंतरही रिव्ह्यूला दिलेल्या वेळेत किंवा शेऱ्यांच्या संख्येत लक्षणीय फरक दिसला नाही. फाइल धोक्याची आहे हे कळल्यावर नेमके काय करायचे, याचे उत्तर त्या सूचनेत नव्हते.

म्हणून एखाद्या टीमने असे साधन घेताना काही मॉड्यूलना सूचना दाखवावी, तशाच इतर मॉड्यूलना दाखवू नये, आणि रिलीजनंतर दोन्हीकडे ग्राहकांपर्यंत पोहोचलेले दोष व तपासणीत गेलेले तास शेजारीशेजारी मांडावेत, असा माझा आग्रह आहे.