आमची वाटचाल : पॉम फाइलची रोजकीर्द

सांगलीत २०१४ साली आम्ही तिघांनी बेदाणा आणि हळदीच्या अडत दुकानांसाठी हिशेबाचे सॉफ्टवेअर करायला घेतले. पट्टीवर, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाच्या हिशेबाच्या कागदावर, अंकी रकमेखाली 'अक्षरी रुपये' शुद्ध मराठीत आलेच पाहिजेत, असा प्रत्येक अडत्याचा आग्रह असे. मराठीत शंभरपर्यंतच्या प्रत्येक संख्येला स्वतंत्र नाव असल्याने इंग्रजीची पद्धत इथे चालत नाही. म्हणून अंकांचे शब्द करणारी लायब्ररी (इतर प्रोग्रॅममध्ये वापरता येणारा तयार कोड) आम्हीच जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिली आणि दोन वर्षांनी सर्वांसाठी मुक्तस्रोत केली. पुढे तिला पट्टी छापण्याचे आणि टॅलीसाठी एक्सएमएल फाइल तयार करण्याचे मॉड्यूल (स्वतंत्र भाग) जोडले गेले.

कोडची काळजी आम्ही घेतली, पण ते ज्या पॉम फाइलींवर (कोड जुळवणाऱ्या मेव्हन या साधनाला सूचना देणाऱ्या फाइलींवर) उभे होते त्यांची घेतली नाही. सात मॉड्यूलच्या सात फाइलींत त्याच डिपेंडन्सीच्या (आपला कोड ज्या बाहेरच्या लायब्ररीवर अवलंबून असतो तिच्या) वेगवेगळ्या आवृत्त्या लिहिलेल्या होत्या. एका ओळीच्या वर 'याला हात लावू नये' एवढीच टीप होती. ती कोणी आणि का लिहिली, हे आमच्यापैकी कोणालाच आठवत नव्हते.

१५ जानेवारी २०२० रोजी मेव्हन सेंट्रल या लायब्ररींच्या सार्वजनिक भांडाराने साध्या, असुरक्षित एचटीटीपीवरून येणाऱ्या विनंत्या नाकारायला सुरुवात केली. आमच्या एका फाइलीत तो जुना पत्ता होता, तरीही कार्यालयात बिल्ड (कोडपासून चालता प्रोग्रॅम तयार करणे) सुरळीत होत राहिले, कारण लागणाऱ्या सगळ्या जार फाइली (लायब्ररींच्या तयार फाइली) आमच्या संगणकांवर आधीच साठलेल्या होत्या. सोलापूरच्या एका विद्यार्थ्याने प्रकल्पात हातभार लावण्यासाठी कोड उतरवून घेतला, तेव्हा त्याच्या कोऱ्या संगणकावर ५०१ ही त्रुटी आली आणि आमचे बिल्ड बाहेर कुणाकडेच होत नाही, हे कळले. तेव्हापासून प्रत्येक प्रकाशनाआधी आम्ही रिकाम्या साठ्यावर बिल्ड करून पाहतो.

खरी परीक्षा डिसेंबर २०२१ मध्ये झाली. लॉगफोरजे या, प्रोग्रॅमच्या कामाच्या नोंदी ठेवणाऱ्या लायब्ररीमधील गंभीर सुरक्षा त्रुटी जाहीर होताच आम्ही छपाईच्या मॉड्यूलमधील आवृत्ती त्याच संध्याकाळी वाढवली आणि निर्धास्त झालो. दुसऱ्या दिवशी डिपेंडन्सी ट्री (कोणती लायब्ररी कोणामार्फत येते ते दाखवणारे झाड) काढून पाहिले, तर टॅलीचे मॉड्यूल दुसऱ्याच एका लायब्ररीमार्फत जुनी आवृत्ती आत आणत होते. एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या समोर आल्या की मेव्हन त्यातली नवी निवडत नाही, तर झाडात मुळाला जी जवळ असेल ती निवडतो. हा नियम आम्ही वाचलेला होता, पण त्याची किंमत त्या दिवशी समजली. सगळ्या आवृत्त्या आम्ही मुख्य पॉम फाइलीत एका जागी आणल्या. लॉगफोरजेच्या २.१५.० नंतर २.१६.०, २.१७.० आणि महिनाअखेरीस २.१७.१ आली, तेव्हा प्रत्येक वेळी एकच ओळ बदलावी लागली.

आता महिन्याच्या पहिल्या सोमवारी जुन्या पडलेल्या डिपेंडन्सींची यादी काढतो आणि एका वेळी एकच आवृत्ती वाढवून चाचण्या चालवतो. सगळ्या एकदम वाढवल्या तर बिघाड कुठला, हे शोधण्यात आठवडा जातो. जी आवृत्ती मुद्दाम रोखून धरली असेल, तिच्याशेजारी कारण आणि तारीख लिहिलीच पाहिजे, हा आमचा सर्वांत कडक नियम आहे.

'हात लावू नये' या टिपेचा उलगडाही अशाच एका सोमवारी झाला. ती ओळ जॅक्सबी या एक्सएमएल वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या लायब्ररीची होती. जावा ११ मधून, म्हणजे २०१८ मध्येच, जॅक्सबी काढून टाकले गेले, त्यामुळे ते स्वतंत्रपणे जोडावे लागत होते. शिवाय तिसऱ्या आवृत्तीपासून पॅकेजचे नावच जावाएक्सचे जकार्ता झाले आणि चौथीला किमान जावा ११ लागते. आमचे काही अडते अजून जावा ८ असलेल्या संगणकांवर काम करतात. त्यांच्यासाठी कोडची एक जुनी शाखा आम्ही वेगळी ठेवली आहे, तिच्यात फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या जातात. आणि त्या ओळीच्या वर आता जावा ८ वरच्या दुकानांची संख्या लिहिलेली असते, जी दर महिन्याला खोडून नव्याने लिहिली जाते.