दोन अष्टमांश पान

आज पटकथेच्या वर्गात पहिल्यांदाच धंद्याची बाजू उघडली. एका विद्यार्थिनीचा चार ओळींचा प्रसंग घेतला. रात्र, धो धो पाऊस, प्लॅटफॉर्मवर गर्दी, गाडी सुटते, ती धावत येते आणि उशीर झालेला असतो. म्हटलं, आता हाच असिस्टंट डायरेक्टर होऊन वाचा.

शेड्युल करताना पानाचे आठ भाग धरतात. हा प्रसंग जेमतेम दोन अष्टमांश. एका पानाला पडद्यावरचं साधारण एक मिनिट, म्हणजे पंधराएक सेकंद! आणि त्यासाठी? रेल्वेची परवानगी, रात्रीची शिफ्ट, पावसाचे टँकर, ज्युनिअर आर्टिस्ट, प्रत्येक टेकनंतर भिजलेल्या कपड्यांना कोरडा जोड. शिवाय गाडी 'वन मोअर' म्हटल्यावर रिव्हर्स येत नाही. फळ्यावरची यादी वाढली तशी पोरगी खुर्चीत खाली सरकत गेली.

मग हळूच म्हणाली, "सर, गाडी नुसती ऐकू आली तर?"

वर्ग हसला. मी नाही हसलो. रिकामा जिना, तिची ओली चप्पल, वरून लांब जाणारा आवाज... प्रसंग खरंच सुधारला होता.

शेवटी लॉक झालेल्या, म्हणजे शूटिंगसाठी पक्क्या ठरलेल्या, स्क्रिप्टमधले बदल निळ्या, गुलाबी, पिवळ्या पानांवर कसे येतात ते सांगितलं. मागून प्रश्न आला, "लॉक झाल्यावरही बदल?" बिचारा.

मालिकांच्या रायटर्स रूमपर्यंत, म्हणजे अनेक लेखक एकत्र बसून लिहितात तिथपर्यंत, पोचलोच नाही. ते पुढच्या आठवड्यात.